पाना उचलण्याआधी आवाज मोजा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक्झॉस्ट बनवणाऱ्याकडं गाडी लावली, की पहिला प्रश्न ठरलेला: "बेस पायजे का कडक?" आवाज कसला हवा हे सगळे विचारतात, किती हवा हे कोणी विचारत नाही. चलान मात्र 'किती' वर होतं. म्हणून ही पोस्ट त्या 'किती' बद्दल आहे: तो मोजायचा कसा आणि सायलेन्सर बदलूनही हद्दीत ठेवायचा कसा.

आधी कायदा, कारण त्याबद्दल कट्ट्यावर फार हवेतल्या गोष्टी चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० सांगतो, की प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवा आणि आवाज पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या परिशिष्टातल्या मर्यादेत हवा. चालकासह नऊपर्यंत सीट असलेल्या प्रवासी कारसाठी ही मर्यादा १ एप्रिल २००५ पासून ७४ डेसिबल आहे. ती मोडली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं. पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. लोक दंडाचं बोलतात, लायसन्सचं विसरतात.

दुसरं कलम १९४फ. सायलेन्सरला वळसा घालून धूर बाहेर सोडणारा कट-आउट वापरला तर पहिल्यांदा १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये. रिमोटवर उघडणारा जो 'व्हॉल्व्ह' ऑनलाइन मिळतो आणि मधल्या पाइपला वाय आकाराचा फाटा जोडून बसवतात, तो हाच. "शहरात बंद ठेवतो" म्हणणाऱ्याची गाडी लिफ्टवर घेतली की वाय दिसतोच. काही महागड्या गाड्यांना कंपनीकडूनच व्हॉल्व्ह येतो. तिथं तो उघडला तरी धूर सायलेन्सरच्या पोटातूनच जातो, फक्त वाट बदलते. ते प्रकरण वेगळं.

आणि तिसरं, जे दुकानदार कधीच सांगत नाही: कलम ५२ आणि १८२अ(४). कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या निकालात मूळ स्पेसिफिकेशनबाबत कडक भूमिका घेतली आहे. म्हणजे आवाज हद्दीत असला की सगळं माफ, असं नाही. पण रस्त्यावर गाडी अडवली जाते ती आवाजामुळं. पुढचे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. पाइपवर युरोपचा ई-मार्क असेल तर माल बरा असण्याची शक्यता वाढते, पण तो मार्क तिकडच्या नियमाचा आणि ठरावीक मॉडेलपुरता असतो. इथं तो परवाना म्हणून दाखवता येत नाही.

आता ७४ चा अर्थ. बरेच जण मोबाइलमधलं ॲप सायलेन्सरच्या तोंडाशी धरतात, ९२ दिसतं आणि घाबरतात. किंवा "सगळ्यांचंच ९२ येतं" म्हणून निर्धास्त होतात. दोन्ही चूक. ७४ हा आकडा गाडी समोरून जाताना घ्यायचा आहे. मोकळं सपाट मैदान, गाडीच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटरवर आणि जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर माइक. गाडी ताशी ५० किलोमीटरनं येते, माइकच्या १० मीटर आधी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा आणि १० मीटर पुढं गेल्यावर सोडायचा. त्या वीस मीटरात जो सर्वांत मोठा आवाज येतो तो धरायचा. त्यात एक्झॉस्टबरोबर इंजिन, एअर इनटेक आणि टायर यांचाही आवाज असतो.

इथं एक कागद कामाचा आहे. २०१७ नंतर घेतलेल्या गाडीसोबत कंपनीचा जो फॉर्म २२ येतो, त्यात त्या मॉडेलचा हा पास-बाय आवाज डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. आरसीच्या फाइलमध्ये शोधा, नाहीतर शोरूममधून प्रत मागा. समजा त्यावर ७२ आहे. तर तुमच्या हातात दोन डेसिबल आहेत, बस्स. पण डेसिबल सरळ बेरजेनं वाढत नाहीत. ७२ मधला एक्झॉस्टचा वाटा ६८ आणि बाकी सगळ्याचा मिळून ७० च्या आसपास धरला, तर एक्झॉस्ट चार डेसिबलनं वाढवून ७२ केला की एकूण बरोबर ७४ वर येतं. तोच एक्झॉस्ट दहानं वाढवला तर एकूण ७८ च्या वर. म्हणजे एक्झॉस्टमध्ये तीन डेसिबलची वाढ ही शहाणी सीमा, चार म्हणजे काठावर. तीन डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट, कानाला मात्र जेमतेम फरक कळतो. ज्याला शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल असा बदल हवाय, त्याला हद्दीत राहून तो मिळणार नाही. पाइप कोणाचाही घ्या.

पास-बाय चाचणी घरी जमत नाही. उभ्या गाडीची जमते, आणि फरक मोजायला तीच पुरते. म्हणून मूळ सायलेन्सरचा एकही बोल्ट सैल करण्याआधी हे करा.

साधा साउंड लेव्हल मीटर घ्या, क्लास २ चा मिळाला तर उत्तम. मोबाइल वापरू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो, मोठ्या आवाजाला तो दबतो आणि खोल आवाज कापतो. मीटर 'ए' आणि 'फास्ट' वर, मॅक्स होल्ड चालू, माइकवर स्पंजची टोपी. जागा अशी, की गाडीच्या चारी बाजूंना तीन मीटरपर्यंत भिंत, कंपाउंड, दुसरी गाडी काही नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये छत आणि खांबांवरून आवाज परत येतो, आकडा खोटा फुगतो. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना एखादं मोकळं मैदान बरं. इंजिन चांगलं गरम झालेलं, एसी बंद, गिअर न्यूट्रलला.

माइक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, तोंडाच्याच उंचीवर (पण जमिनीपासून किमान २० सेंटिमीटर वर) आणि धूर ज्या दिशेला जातो त्याच्याशी ४५ अंशांत. धुराच्या झोतात माइक गेला तर हवेची फरफर मोजली जाते. अंतरासाठी अर्ध्या मीटरची दोरी टिपला बांधा, दर वेळी अंदाज नको. अर्ध्या मीटरऐवजी ४० सेंटिमीटर झालं तरी आकडा दोन डेसिबलनं वर जातो, म्हणजे हातातली सगळी सूट दोरीच्या चुकीत गेली.

आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) किती ठेवायचे ते मॅन्युअलमधून ठरतं. कमाल पॉवर ५,००० आरपीएम किंवा त्याखाली येत असेल तर त्याच्या पाऊणपट, ५,००० ते ७,५०० मध्ये येत असेल तर सरळ ३,७५०. म्हणजे ६,००० ला पॉवर देणारं पेट्रोल ३,७५० वर आणि ४,००० ला देणारं डिझेल ३,००० वर. काटा नीट दिसत नसेल तर ओबीडीच्या (गाडीच्या तपासणीच्या) सॉकेटला छोटं ब्लूटूथ यंत्र लावून फोनवर आरपीएम वाचा. फोनचा उपयोग तेवढाच. काही नव्या गाड्या न्यूट्रलला ठरावीक आकड्याच्या वर रेस घेत नाहीत. तिथं जेवढं स्थिर धरता येईल तेवढं धरा आणि तो आकडा लिहून ठेवा, कारण नंतरही तिथंच मोजायचं आहे. रेस दोन-तीन सेकंद स्थिर, मग पाय झटकन काढायचा. तीन वेळा घ्या, तिन्ही आकडे दोन डेसिबलच्या आत आले पाहिजेत.

समजा मूळ गाडीचं ८४ आलं. नव्या सायलेन्सरनं त्याच जागी, त्याच दोरीनं ८७ आलं तर ठीक. ९० आलं तर पाइप कितीही सुंदर असो, परत उतरवायचा. अर्ध्या मीटरवरच्या आकड्यातून साडेतेवीस वजा केले की साडेसात मीटरवरचा येतो हे गणित अंतरापुरतं बरोबर आहे, पण उभ्या गाडीवर इंजिनला लोड नसतो. लोडखाली आवाज वाढतो. त्यामुळं "८७ वजा २३, म्हणजे ६४, अजून दहा डेसिबल शिल्लक" असा हिशेब मांडून कोणी समजावत असेल तर ऐकून घ्या आणि घरी या. फरक धरा, वजाबाकी नको.

आता पार्टकडं. कारच्या एक्झॉस्टमध्ये पुढून मागं मनीफोल्ड (इंजिनमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्या), कॅटकॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा), फ्लेक्झिबल बेलो (हिसके सोसणारा लवचीक जोड), मधला रेझोनेटर (आवाज मारणारा छोटा डबा) आणि शेवटचा सायलेन्सर असं येतं. टर्बो असेल तर मनीफोल्डनंतर टर्बो, आणि नव्या डिझेलला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. टर्बो आणि डीपीएफ स्वतःच बराच आवाज खातात, म्हणून तशा गाडीला शेवटचा सायलेन्सर बदलून विशेष आरडाओरडा होत नाही. १.२ च्या साध्या पेट्रोलला मात्र लगेच होतो. तिथं फक्त मागचा सायलेन्सर बदला आणि रेझोनेटरला हात लावू नका. रेझोनेटर काढून सरळ पाइप घालायचा सल्ला सर्रास मिळतो. त्यानं पॉवर जाणवण्याइतकी वाढत नाही, आवाजातला पत्र्यासारखा खणखणाट तेवढा वाढतो.

कॅटकॉन काढायचा नाही. त्यानं आवाज वाढतोच, शिवाय पीयूसीला बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाडीचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड), एचसी (न जळलेलं इंधन) आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बघतात, तिथं गाडी नापास होते. मागच्या ऑक्सिजन सेन्सरला फसवायला स्पेसर लावून पी०४२० (कॅटकॉन नीट चालत नसल्याचा कोड) चा दिवा विझवता येतो, धूर फसत नाही. आणि उलट बाजूनं हेही लक्षात घ्या, की पीयूसीला आवाज मोजत नाहीत. पीयूसी पास म्हणजे आवाज पास, हा गैरसमज आहे. काढलेला कॅटकॉन गॅरेजमध्ये "राहू दे" म्हणून ठेवून घेतात, त्यामागं प्रेम नसतं. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं.

सायलेन्सरच्या पोटात दोन जाती. एक सरळ जाळीची: मधून भोकांची नळी, भोवती ग्लासवूल (काचेच्या धाग्यांचा कापूस). ही वरचा कर्कश आवाज चांगला खाते, खालचा घुमारा तसाच सोडते. दुसरी कप्प्यांची: आत पत्र्याच्या भिंती आणि उलटसुलट नळ्या. ही खालचा आवाज मारते, पण धुराला अडवते. कंपनीचे बहुतेक सायलेन्सर दोन्हींची खिचडी असतात. बाजारातले स्वस्त 'स्पोर्ट्स' सायलेन्सर बहुधा सरळ जाळीचे आणि आखूड असतात. इथं लांबी आणि पोट म्हणजे सगळं. १४ इंचांपेक्षा आखूड आणि पाच इंचांपेक्षा बारीक डबा १.२ लिटरच्या गाडीलाही अपुरा पडतो. डब्यातून आरपार उजेड दिसत असेल आणि लांबी हातभर नसेल, तर ती पुंगळी काढलेल्या बुलेटचीच चारचाकी आवृत्ती.

पाइपचा व्यास वाढवला की आवाज जाड होतो आणि खालच्या आरपीएमची ओढ कमी होते. साध्या १.२ ला पावणेदोन इंच, १.५ ला दोन, छोट्या टर्बो पेट्रोलला दोन ते सव्वादोन, दोन लिटर डिझेलला अडीच. याहून मोठा घेऊ नका. जाळीची नळी पाइपच्याच व्यासाची हवी. दोनच्या पाइपवर अडीचची जाळी बसवली की धूर आत पसरतो, भोकांवरून शिट्टीसारखा आवाज येतो.

माल ३०४ ग्रेडचा एसएस (स्टेनलेस स्टील), १.२ ते १.५ मिलिमीटर जाड. ४०९ स्वस्त आहे, चुंबक चिकटतो, वरून तांबूस गंज धरतो पण लवकर फुटत नाही. फर्निचरवाला जीआय पाइप कोणी दाखवला तर उठून या. त्यावरचं जस्त वेल्डिंगला आणि नंतर उष्णतेनं जळतं, तो धूर छातीला वाईट आणि जोड पोकळ राहतो. वळणासाठी पाइप बेंडरनं चेपून वाकवू देऊ नका. वळणावर पाइप चपटा झाला की तिथं धूर अडतो आणि फुसफुस येते. तयार बेंड आणून कापून आर्गन वेल्डिंगनं जोडणं महाग पडतं, पण तेच बरोबर. उद्यमनगरात आर्गनचा चांगला हात असलेले वेल्डर कमी नाहीत. त्यांना एवढंच सांगा, की पाइपच्या आतूनही आर्गन वायू सोडा. नाहीतर जोडाच्या आतल्या बाजूला काळी साखर जमते आणि पहिली भेग तिथूनच जाते.

बसवताना इंजिन हलतं हे विसरतात. बेलोच्या जागी सरळ पाइप घातला तर इंजिनचा प्रत्येक हिसका फ्लँजवर (बोल्टनं जोडायच्या चकतीवर) येतो आणि दोन-तीन महिन्यांत फ्लँजजवळ चीर. हँगर रबरवरच टांगा, थेट चासीला वेल्ड नको. बॉडी, पेट्रोल टाकी, ब्रेकची नळी यांपासून किमान २५ मिलिमीटर जागा आणि मूळ हीट शील्ड जागेवर. टिप बंपरच्या बाहेर यायला हवी. आत राहिली तर धूर डिकीच्या रबरमधून केबिनमध्ये खेचला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मूळ सायलेन्सर काढताना ऑक्सिजन सेन्सर ताणून तुटतो, म्हणून आधी प्लग सोडवा. परत बसवताना साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर, त्याहून जास्त आवळू नका. गॅरेजमध्ये गॅस्केटला पॅकिंगच म्हणतात, ते दर वेळी नवं घ्या. सेन्सरच्या आसपास साधा सिलिकॉन सीलंट लावू देऊ नका, त्याच्या वाफेनं सेन्सर मरतो.

गळती हा आवाजाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित स्रोत. इंजिन थंड असताना चालू करून ओल्या फडक्यानं टिप क्षणभर दाबा. जोडातून टिकटिक किंवा फुस्स आलं की तिथं साबणाचं पाणी सोडा, फुगे दिसतात. पुढच्या सेन्सरच्या आधी गळती असेल तर तिथून बाहेरची हवाही आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) मिश्रणात पेट्रोल कमी वाटतं, पेट्रोल वाढवलं जातं आणि मायलेज पडतं. मग नावं सायलेन्सरला ठेवली जातात. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर सगळे बोल्ट गाडी थंड असताना पुन्हा आवळा.

मग येतो घुमारा, ज्याला सगळे वैतागतात. मीटरवर आकडा बरोबर, पण हायवेला ठरावीक वेगावर केबिनमध्ये डोक्यात भुंगा. चार सिलिंडरच्या इंजिनात आवाजाची मुख्य वारंवारता म्हणजे आरपीएम भागिले ३०, तीन सिलिंडरला भागिले ४०. २,४०० आरपीएमला चार सिलिंडरचे ८० हर्ट्झ. यावर सायलेन्सर मोठा करण्यापेक्षा बंद टोकाची आडवी नळी जोडणं चांगलं. तिची लांबी म्हणजे गरम धुरातला ध्वनीचा वेग भागिले वारंवारतेच्या चौपट. वेग सेकंदाला ४५० मीटर धरला तर ८० हर्ट्झला १.४ मीटर. त्या बंद नळीतला धूर मुख्य पाइपपेक्षा थंड असतो, त्यामुळं खरी लांबी थोडी कमी निघते. म्हणून १.४ नं सुरुवात करा, टोकाला तात्पुरती टोपी लावा आणि दर वेळी दोन-तीन सेंटिमीटर कापत चालवून बघा. आधीच आखूड कापलं तर परत जोडायला वेल्डर हसतो. व्यास मुख्य पाइपएवढाच, जोड रेझोनेटर आणि सायलेन्सरच्या मध्ये. तीन सिलिंडरला हीच नळी जवळजवळ १.९ मीटर होते, गाडीखाली ती बसवणं कठीण. तिथं कप्प्यांचाच सायलेन्सर घ्या.

'डीबी किलर' नावाची टोकाला स्क्रूनं बसवायची पुंगळी तात्पुरता उपाय आहे. आवाज उतरतो, धूरही अडतो, आणि स्क्रू सैल झाला की खडखडते. ती लावूनच गाडी हद्दीत येत असेल तर मूळ निवडच चुकली आहे. आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके फोडणारं ट्यूनिंग केलं असेल तर वरचं सगळं फुकट. ते पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन फुटतं. कॅटकॉन त्यात वितळतो आणि जाळीतलं ग्लासवूल उडतं.

ग्लासवूल तसंही झिजतं. आज ८७ देणारा डबा वर्ष-दोन वर्षांत ९० देऊ शकतो, आणि कान रोज थोडा थोडा सरावत गेल्यामुळं मालकाला कळतच नाही. म्हणून वेल्ड केलेला नाही, रिव्हेट किंवा बोल्टनं उघडणारा डबा घ्या. भरताना प्रति लिटर सुमारे १२० ग्रॅम लांब धाग्याचं वूल. पाच इंची, चौदा इंच लांब, दोन इंची जाळीच्या डब्यात पोकळी पावणेचार लिटर, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. घरातल्या वजनकाट्यावर मोजून भरा. कमी भरलं तर वूल खालच्या बाजूला गोळा होऊन वर पोकळी राहते, ठासून भरलं तर आवाज शोषला न जाता जाळीवरून परत येतो. जाळीला आधी स्टीलवूलचा एक पातळ थर गुंडाळला तर ग्लासवूल जास्त टिकतं.

आपल्याकडचा पावसाळा वेगळा हिशेब मागतो. राजारामपुरी ते शाहूपुरी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कधी पुरता तापत नाही, आत पाणी साठतं, वूल भिजून दगड होतं. डब्याच्या सर्वांत खालच्या जागी दोन-तीन मिलिमीटरचं भोक हवंच, मूळ सायलेन्सरलाही असतं. वेल्डर ते गळती समजून बुजवतो, आधीच सांगून ठेवा. डब्याची शिवण वरच्या बाजूला. पंचगंगेचं पाणी शिरोलीकडं रस्त्यावर आलं असताना खाली लोंबणारा पाइप घेऊन जाऊ नका. आणि गगनबावड्याच्या मुसळधार पावसाकडं नेहमी जाणाऱ्यांनी ४०९ ऐवजी ३०४ चे पैसे द्यावेत.

सीपीआर रुग्णालयासमोर किंवा कुठल्याही शाळा, रुग्णालय, न्यायालयाजवळ शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. तिथं हद्दीतल्या सायलेन्सरनंही रेस मारू नये, हे सांगायची वेळ यावी हेच वाईट. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवरचे स्पीकर याहून जोरात असतात हे खरं, पण दुसऱ्याचा आवाज मोठा हा बचाव चलानच्या मशीनमध्ये भरता येत नाही.

मूळ सायलेन्सर भंगारात घालू नका. तोंडं बोळ्यानं बंद करून माळ्यावर ठेवा. वॉरंटीचं काम, फिटनेस, गाडी विकणं, सगळीकडं तोच परत लागतो. मोजलेले आकडे, तारीख, आरपीएम आणि अंतर एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका आणि दर दहा हजार किलोमीटरला, ऑइल बदलताना, तीच दोरी लावून पुन्हा मोजा. मूळ आकड्यापेक्षा तीनच्या वर गेलं, की डबा उघडायचा.